खिसा, पदर आणि ‘वेस्टनटाशे’ : वस्त्रातील जागा व भाषेतील अर्थ

१

भिलाई येथे अतिथी प्राध्यापक म्हणून वास्तव्य असताना मराठी भाषकांसाठी एक छोटा अनुवाद-वर्ग चालविण्याची संधी प्रस्तुत लेखकाला मिळाली. वर्गात दहा-बारा जण असत. काही पदव्युत्तर विद्यार्थी, काही पोलाद कारखान्यातील नोकरदारांची मुले-मुली, आणि एक सेवानिवृत्त शिक्षिका, ज्यांना सारेजण ‘बाई’ म्हणत. एके दिवशी अभ्यासासाठी एक साधे जर्मन वाक्य फळ्यावर लिहिले : ‘एर केन्ट डी श्टाट वी झायने वेस्टनटाशे.’ शब्दशः अर्थ असा की, तो हे शहर आपल्या जाकिटाच्या खिशासारखे ओळखतो. मराठीत काय म्हणावे, एवढाच प्रश्न होता.

एका विद्यार्थ्याने ‘तो हे शहर खिशासारखे ओळखतो’ असे लिहिले. त्यावर शेजारच्याने, ‘कुणाच्या खिशासारखे?’ असे विचारले आणि वर्ग हसला. दुसऱ्याने ‘तळहातासारखे’ सुचविले. दुर्गच्या एका विद्यार्थिनीने ‘शहराचा खडा न् खडा त्याला ठाऊक आहे’ असे लिहिले, आणि ते सर्वांना पटले. बाई मात्र गप्प होत्या. वर्ग संपल्यावर त्या म्हणाल्या, ‘सर, आमच्या आजोबांच्या अंगात खिशाचा कपडा मी पाहिला नाही. ते धोतर नेसत, वर उपरणे घेत. पैसे कनवटीला. त्यांना हे वाक्य तुम्ही कसे सांगितले असते?’

प्रस्तुत लेख हा या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. वस्तू जवळ बाळगण्यासाठी वस्त्रात माणसाने जी जागा केली, तिने भाषेला काय दिले, हे जर्मन आणि मराठी या दोन भाषांच्या आधारे येथे पाहावयाचे आहे.

२

प्रथम जर्मन बाजू पाहू. ‘वेस्टे’ म्हणजे कोटाच्या आत घालावयाचे बिनबाह्यांचे जाकीट. हा शब्द जर्मनमध्ये फ्रेंचमधून आला व त्याचे मूळ लॅटिन ‘वेस्टिस’ या शब्दात आहे. ‘वेस्टिस’ आणि संस्कृत ‘वस्त्र’ हे एकाच इंडो-युरोपीय धातूपासून निघालेले सगोत्र शब्द होत. ‘टाशे’ या शब्दाचा मूळ अर्थ मात्र खिसा असा नसून पिशवी असा आहे. आजही जर्मन माणूस हातातल्या पिशवीला आणि विजारीच्या खिशाला ‘टाशे’ हाच शब्द वापरतो. दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड येथील बोलींत खिशाला ‘झाक’ म्हणतात, व त्याचाही मूळ अर्थ पोते किंवा थैली हाच. या शब्दांत कपड्याचा एक इतिहास साठविलेला आहे. मध्ययुगात युरोपीय माणूस, स्त्री असो वा पुरुष, पैशांची थैली कमरेच्या पट्ट्याला बाहेरून लटकवीत असे. सोळाव्या शतकापासून ही थैली हळूहळू पुरुषी कपड्याच्या आत शिरली, शिवली गेली, आणि अखेर वस्त्राचाच भाग झाली.

जाकिटाचा उदय हा या प्रवासातील पुढचा टप्पा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लांब कोट, त्याच्या आत जाकीट व गुडघ्यापर्यंतची विजार असा पुरुषी पोशाख युरोपच्या दरबारांत रूढ झाला. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६६६ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या दरबारात असे जाकीट सुरू केले, याची नोंद सॅम्युएल पेपिसच्या रोजनिशीत आहे. आरंभीचे जाकीट मांडीपर्यंत लांब असे व त्याचे खिसे मोठे, वर झाकण असलेले असत. अठराव्या शतकाच्या अखेरीस जाकीट कमरेपर्यंत आखूड झाले आणि त्याबरोबर खिसाही आक्रसला. दोन बोटे जेमतेम जातील एवढ्या त्या खिशात घड्याळ, सुटी नाणी, तपकिरीची डबी अशा लहानसहान वस्तू राहू लागल्या. न्यूरेंबर्गच्या पेटर हेनलाइनने (मृत्यू १५४२) सोळाव्या शतकाच्या प्रारंभी अंगावर बाळगता येतील अशी लहान घड्याळे घडविली होती; पण ती सुरुवातीस गळ्यात वा कपड्यावर अडकविली जात. जाकिटाच्या खिशाने घड्याळाला छातीजवळ जागा दिली.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. हा सारा इतिहास पुरुषाच्या कपड्याचा आहे. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपीय स्त्रिया खिसा वेगळा शिवून, नाडीने कमरेला बांधून घागऱ्याखाली लपवीत. पुढे घागऱ्याचा घेर कमी झाला तेव्हा त्यांच्या हाती छोटी पिशवी आली. स्त्रीचा खिसा दीर्घकाळ वस्त्राचा भाग झालाच नाही. म्हणून ‘जाकिटाच्या खिशासारखे ओळखणे’ या वाक्प्रचारातला ओळखणारा जीव आरंभी पुरुष आहे, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. आज तो वाक्प्रचार जर्मन स्त्रियाही सहज वापरतात, ही त्यानंतरची गोष्ट.

३

या खिशाने जर्मन भाषेला तीन प्रकारचे अर्थ दिले. पहिला अर्थ निकट परिचयाचा, जो वर आलाच आहे. दुसरा सुलभतेचा : एखाद्याने मोठी रक्कम ‘जाकिटाच्या खिशातून’ दिली म्हणजे त्याला ती देणे जड गेले नाही. तिसरा लघुत्वाचा : ‘जाकिटाच्या खिशाच्या आकाराचे’ म्हणजे अगदी छोटे. हे विशेषण वस्तूला लावले तर कौतुकाचे असते व माणसाला लावले तर उपहासाचे. ‘जाकिटाच्या खिशातला नेपोलियन’ म्हटले की आव मोठा आणि वकूब छोटा असा पुढारी डोळ्यांसमोर येतो.

यांपैकी पहिल्या अर्थाचा विचार अधिक बारकाईने करावयास हवा. फ्रेंच माणूस एखादी गोष्ट आपल्या खिशासारखी ओळखतो, डच व डॅनिश माणूस विजारीच्या खिशासारखी. इंग्रजी माणूस हाताच्या पाठीसारखी. जर्मन भाषेने त्यांतून छातीजवळचा, सर्वांत लहान खिसा निवडला. या खिशात पाहावे लागत नाही. बोटे आत जातात आणि घड्याळ, नाणे, किल्ली यांतले काय कुठे आहे ते स्पर्शालाच कळते. हे ज्ञान अंधारातले आहे, सवयीचे आहे, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या कुणाला नसलेले आहे. कारण त्या खिशात दुसऱ्याचा हात जात नाही.

याच्या शेजारी आपली परंपरा ठेवून पाहावी. निःसंदिग्ध ज्ञानासाठी संस्कृतने ‘करतलामलक’ हा दृष्टान्त दिला : तळहातावर ठेवलेला आवळा. तो सर्व बाजूंनी दिसतो. ज्याच्या हातावर आहे त्याला दिसतो, समोरच्यालाही दिसतो. शिष्याला ज्ञान असे व्हावे, ही अपेक्षा त्यात आहे. ‘खडा न् खडा’ या मराठी प्रयोगात मोजदाद आहे, म्हणजे पुन्हा उघड्यावरचीच गोष्ट. एका भाषेत पूर्ण ज्ञान म्हणजे झाकलेल्या जागेचा स्पर्श, तर दुसरीत उघड्या हातावरचे दर्शन. दोन्ही प्रयोग ‘चांगले ओळखणे’ या एकाच कोशगत अर्थाखाली येतात, पण त्यांतील ज्ञानाची कल्पना एक नव्हे.

खिसा ही खाजगीपणाची जागा कशी झाली, याचे एक उदाहरण जर्मन साहित्यातच मिळते. ग्योटेच्या ‘वेर्थर’ या १७७४ च्या कादंबरीतील नायकाचा निळा कोट व पिवळे जाकीट युरोपभर तरुणांनी उचलले, हे सर्वश्रुत आहे. त्या मानाने कमी लक्षात राहणारा तपशील असा की, आपल्या अखेरच्या पत्रात वेर्थर याच कपड्यांत आपल्याला पुरावे अशी इच्छा व्यक्त करतो आणि आपले खिसे कुणी तपासू नयेत असे सांगतो. त्याच्याजवळ लोटेची एक फिकट लाल फीत आहे, व तीही आपल्याबरोबर पुरली जावी अशी त्याची इच्छा आहे. खिसा येथे मनाचाच एक कोपरा झाला आहे, आणि त्याची झडती हा मृत व्यक्तीचाही अवमान ठरतो. मराठी अनुवादकाला येथे ‘खिसा’ हा शब्द वापरावाच लागेल. पण त्या शब्दाच्या अंगी मराठीत तेवढे मन आहे काय?

४

हा प्रश्न आपल्याला मराठी ‘खिसा’ या शब्दाकडे नेतो. हा शब्द फारसी ‘कीसा’पासून आला, आणि ‘कीसा’ म्हणजेही थैलीच. गोव्यात पोर्तुगीजमधून आलेला ‘बोल्स’ हा शब्दही मुळात पिशवीवाचक. जर्मन ‘टाशे’, दक्षिणेकडचा ‘झाक’, फारसी ‘कीसा’, पोर्तुगीज ‘बोल्सो’ : खिसा शिवला जाण्यापूर्वी सर्वत्र तो थैली होता, याची साक्ष हे शब्द देतात.

हिंदीतील ‘जेब’ची गोष्ट निराळी. हा अरबी शब्द मुळात वस्त्राच्या गळ्याजवळच्या उघडीचा, छातीवरच्या घडीचा वाचक आहे. या शब्दाने एक विलक्षण प्रवास घडविला. आर्यभटाच्या परंपरेतील ‘ज्या’ अथवा ‘जीवा’ ही गणिती संज्ञा अरबीत ध्वनीने उतरवून घेतली गेली. स्वरचिन्हांशिवाय लिहिलेली ती अक्षरे पुढे ‘जैब’ अशी वाचली गेली. आणि बाराव्या शतकातील लॅटिन भाषांतरकारांनी तिचा अर्थ वस्त्राची घडी असा घेऊन ‘सिनुस’ हा शब्द योजला. रोमन टोग्याच्या ज्या घडीत लोक पैसे व कागद ठेवीत तिचेच हे नाव. शाळेतील ‘साइन’ हा शब्द त्यातूनच आला. धनुष्याची दोरी अनुवादाच्या वाटेवर वस्त्राची घडी झाली. अनुवाद-वर्गात हे उदाहरण अवश्य सांगावे.

मराठीत ‘खिसा’ रुजला तो कोणत्या अर्थांनी? खिसा रिकामा होतो, खिशाला कात्री लागते, एखादी गोष्ट खिशाला परवडते अथवा परवडत नाही. खिसे भरले जातात, दुसऱ्याचा खिसा गरम केला जातो. सामना वा निवडणूक ‘खिशात घातली’ असे म्हणतात, आणि जर्मनमध्येही प्रतिस्पर्ध्याला ‘खिशात टाकणे’ म्हणजे त्याच्यावर सहज मात करणे. हा एक प्रयोग सोडला तर मराठी खिशाचे जवळजवळ सारे व्यवहार पैशाचे आहेत, व त्यांतील बरेचसे संशयास्पद पैशाचे. खिशात मन ठेवण्याचा, ज्ञान ठेवण्याचा, माया ठेवण्याचा वाक्प्रचार मराठीने केला नाही. वर्गातील विद्यार्थ्याच्या वाक्यावर सारे हसले, त्याचे कारण हेच. ‘खिशासारखे ओळखतो’ हे ऐकताच मराठी कानाला ओळखीचा माणूस आठवत नाही, खिसेकापू आठवतो.

खिसेकापू या शब्दाचाही वंश पाहण्याजोगा आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ‘ग्रंथिभेद’ करणाऱ्यास, म्हणजे वस्त्राची गाठ सोडून वा कापून चोरी करणाऱ्यास, शिक्षा सांगितली आहे. हिंदीत त्याचाच ‘गिरहकट’ झाला. ‘गिरह’ म्हणजे गाठ. जर्मनमध्ये तो ‘बॉयटेलश्नायडर’, थैली कापणारा, आणि थैली वस्त्रात शिवली गेल्यावर ‘टाशनडीब’, खिशातला चोर. मालक द्रव्य कोठे ठेवतो तिकडे चोराचे नाव वळते. गाठ, थैली, खिसा हा वस्त्रेतिहासाचा क्रम चोरांच्या नावांवरून लावता येतो. मराठीत या विषयाला आणखी एक बाजू आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या १९८७ च्या आत्मकथनाने, ज्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, खिशाकडे दुसऱ्या बाजूने पाहावयास लावले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच चोर ठरविले, त्यांच्या लेखी परक्याचा खिसा हीच शेती होती. हे वाचल्यावर ‘खिसेकापू’ हा शब्द पूर्वीइतक्या निर्धास्तपणे उच्चारता येत नाही.

५

आता बाईंच्या आजोबांकडे वळू. न शिवलेल्या वस्त्राला खिसा नसतो, पण जागा असतात. धोतराची कमरेजवळ खोचलेली घडी म्हणजे कनवटी, तिलाच काही ठिकाणी कडोसरी म्हणतात. हिंदीतील ‘टेंट’ व ‘अंटी’ यांचे स्थान तेच. कमरेला बांधावयाचा पैशाचा लांबट कसा, पानतंबाखूची चंची, दोरीने आवळावयाचा बटवा या वेगळ्या वस्तू. लुगड्याचा ओचा, पुढे धरलेली ओटी, खांद्यावरून आलेला पदर, आणि पदराच्या टोकाला मारलेली गाठ. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–३८) चाळले असता या शब्दांभोवती केवढा अर्थसंभार जमला आहे ते दिसते.

पदराचेच पाहा. स्वतःचा खर्च म्हणजे पदरमोड. वाट्याला आलेले ते पदरी पडलेले. क्षमा करावयाची तर अपराध पदरात घ्यावयाचा, आणि याचना करावयाची तर पदर पसरावयाचा. मुलीला पदर येतो. विषयाला अनेक पदर असतात. पदर हा केवळ स्त्रीवस्त्राचा आहे असेही नाही. धोतराला, उपरण्याला, शेल्यालाही पदर असतो, आणि म्हणूनच सरदार वा शास्त्री राजाच्या ‘पदरी’ असतात. या प्रदेशाच्या संदर्भात हे विशेष अर्थपूर्ण आहे. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूर येथे राहून छत्तीसगढचा कारभार पाहत होते, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा प्रदेश भोसल्यांच्या सत्तेशी जोडलेला होता. येथील कित्येक जुनी मराठी घराणी भोसल्यांच्या पदरी म्हणूनच येथे आली. ‘पदर’ हा शब्द येथील मराठी समाजाच्या इतिहासात अशा रीतीने आधीच विणलेला आहे.

जर्मन खिसा आणि मराठी पदर यांच्यातील खरा भेद येथे स्पष्ट होतो. जाकिटाचा खिसा एकट्याचा असतो. त्यात ठेवणारा आणि त्यातून काढणारा एकच. पदराला मात्र दुसरे माणूस लागते. पदरात कुणीतरी घालतो, पदरी कुणाच्या तरी कृपेने वा दैवाने पडते, पदर कुणापुढे तरी पसरावा लागतो, कुणाला तरी पदरी घ्यावे लागते. ओटी तर स्वतःची स्वतः भरताच येत नाही. ती दुसऱ्या स्त्रीने नारळ, तांदूळ, खण यांनी भरावयाची असते. बंगालीत घरच्या किल्ल्या आँचलाला बांधलेली गृहिणी हे कुटुंबव्यवस्थेचेच चित्र आहे. शिवलेल्या खिशाने जर्मन भाषेला व्यक्तीचा एकान्त दिला, तर न शिवलेल्या वस्त्राने मराठीला माणसामाणसांतील देणे-घेणे दिले. ‘पदरी’ या एका रूपात आश्रय आहे आणि पारतंत्र्यही आहे. त्याचे केवळ गोडवे गाणे योग्य ठरणार नाही. पदर पसरणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या हक्काची, दुसऱ्याचा हात न शिरणारी जागा बहुधा नव्हती, हेही त्याच शब्दाने सांगितले आहे.

हा भेद मांडताना मात्र दोन टोके ताणू नयेत. जर्मन खिशाच्या वाक्प्रचारांतही नाती आहेत : दुसऱ्याच्या जिवावर जगणारा माणूस त्याच्या ‘खिशावर पडून असतो’. आणि मराठी वस्त्रातही एकान्त आहे : तो गाठीत आहे. गाठीला पैसा असतो तो स्वतःच्या मिळकतीचा. अनुभव ‘गाठीशी’ असतो, आणि तो कुणी पदरात घातलेला नसतो. कनवटीचा पैसा कुणाला दिसत नाही. जर्मन जाकिटाच्या खिशातील जे ज्ञान आपण वर पाहिले, सवयीचे, स्वकष्टाचे, अंगाशी असलेले, त्याच्या सर्वांत जवळचा मराठी शब्द ‘गाठीशी’ हाच आहे. बाईंच्या आजोबांना ते वाक्य सांगावयाचे झाले असते तर ‘खिसा’ टाळून, ‘या शहरात त्याने जन्म काढला आहे, त्याची गल्ली न् गल्ली त्याच्या गाठीशी आहे’ असे काहीसे सांगावे लागले असते. खडा न् खडा ठाऊक असण्यापेक्षा हे थोडे निराळे आहे, आणि मूळ वाक्याशी अधिक प्रामाणिक आहे.

६

दोन ठिकाणी मात्र या भाषा एकमेकींना भेटतात. पहिले ठिकाण स्मरणाचे. मराठीत आपण मनाशी खूणगाठ बांधतो. जर्मन माणूस एखादी गोष्ट विसरू नये म्हणून हातरुमालाला गाठ मारतो, आणि हातरुमालाचे जर्मन नाव आहे ‘टाशनटूख’, खिशातले कापड. खिसा शिवून झाल्यावरही आठवण ठेवण्यासाठी त्याला न शिवलेल्या कापडाची गाठच लागली.

दुसरे ठिकाण मृत्यूचे. शेवटच्या सदऱ्याला खिसे नसतात, अशी जर्मन म्हण आहे. हिंदीत व मराठीतही कफनाला खिसा नसतो असे म्हणतात. भाव एकच : बरोबर काही नेता येत नाही. पण या म्हणीचा जोर कोणाला जाणवेल? ज्याच्या रोजच्या सदऱ्याला खिसा आहे त्यालाच. आयुष्यभर धोतर नेसलेल्या माणसाच्या अंगावर खिसा कधी नव्हताच, तरी त्याच्या कनवटीला पैसे होते. यावरून मराठीत ही म्हण शिवलेल्या कपड्याचा प्रसार झाल्यानंतरच अर्थपूर्ण झाली असावी, असे अनुमान करता येते.

७

शेवटी भाषेच्या आजच्या स्थितीचा प्रश्न उरतो. जर्मनीत रोजच्या वापरातील जाकीट विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मागे पडले. मनगटी घड्याळाने त्या खिशाचे कामही संपविले. तरीही ‘वेस्टनटाशे’चा वाक्प्रचार ज्यांनी जाकीट कधी घातले नाही अशा मुलांच्याही तोंडी आहे. खिसा स्वतः तर वेगळ्याच रूपाने टिकला. बव्हेरियातील बुटनहाइम या गावी १८२९ मध्ये जन्मलेल्या लीव्हाय स्ट्राउस याने जेकब डेव्हिस या शिंप्याबरोबर १८७३ मध्ये अमेरिकेत जे पेटंट मिळविले, ते विजारीच्या खिशांची तोंडे तांब्याच्या चापांनी बळकट करण्याचे होते. त्या विजारींच्या पुढच्या खिशात जो आणखी एक इवलासा खिसा असतो तो घड्याळासाठी होता. भिलाईतील कोणत्याही तरुणाच्या जीन्सवर तो आजही आहे. त्यात काय ठेवावे हे त्याला ठाऊक नसते. जाकिटाचा खिसा आपल्याकडे असा नावाशिवाय पोहोचला आहे.

आपल्याकडील स्थिती याच्या नेमकी उलट होण्याचा संभव आहे. भिलाईचा कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला व १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. जर्मन साहाय्य मिळाले ते राउरकेल्याला. कारखान्याबरोबर सर्व प्रांतांतून माणसे येथे आली, व शेजारच्या विदर्भातून मराठी कुटुंबेही आली. त्यांची तिसरी पिढी आता घरात मराठी, बाहेर हिंदी आणि शिक्षणात इंग्रजी अशी तीन भाषांत वावरते. वर्गात ‘कनवटी’ हा शब्द दोघांनाच ठाऊक होता. ‘पदरमोड’ साऱ्यांना कळत होता, पण त्यातील ‘मोड’ ही पदराची घडी मोडण्याची आहे की नाणे मोडण्याची, यावर वाद झाला. आणि तो वाद पाऊण तास रंगला. कोणत्याही कोशापेक्षा त्या पाऊण तासात तो शब्द अधिक जिवंत होता.

जर्मन उदाहरणाचा बोध असा की, वस्त्र गेले म्हणजे शब्द जातोच असे नाही. जाकीट गेले, जाकिटाचा खिसा भाषेत राहिला. कारण लोक तो बोलत राहिले. लुगडे-धोतर रोजच्या वापरातून गेल्याने ‘पदरी’ आणि ‘गाठीशी’ जाणार नाहीत. ते जातील ते मुलांच्या कानांवर न पडल्याने. याच प्रदेशातून १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणाऱ्या माधवराव सप्रे यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ मराठीतून हिंदीत नेले. घरी मराठी व लेखणीत हिंदी असलेल्या त्या अनुवादकाला दोन भाषा शत्रू वाटल्या नाहीत. भारतीय भाषांच्या अभ्यासकाने आणि अनुवादकाने त्याच वाटेने जावे. ‘आँचल’, ‘अंटी’, ‘गिरह’ हे हिंदी शब्द वर्गात ‘पदर’, ‘कनवटी’, ‘गाठ’ यांच्या शेजारी बसविले की दोन्ही भाषांतील मुलांना आपापला शब्द नव्याने दिसतो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी बाईंनी साडीच्या पदराची गाठ सोडून तीतून एक जुने, झिजलेले नाणे काढून दाखविले. आजोबांच्या कनवटीतले, एवढेच त्या म्हणाल्या. मग त्यांनी ते पुन्हा गाठीत बांधले. पहिल्या दिवशी ‘खिशासारखे’ लिहून हसे करून घेतलेला विद्यार्थी शेजारीच होता. त्याने वही काढून आपले जुने वाक्य खोडले व त्याजागी ‘गाठीशी’ लिहिले.